बट्टा

'कूट' ह्या शब्दाशी आमचा पहिला परिचय स्वयंपाकघरात झाला. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट किती घालावे, ह्यावर आमच्या घरी दर चतुर्थीस मतभेद होत. पुढे शाळेत कूटप्रश्न भेटले आणि बऱ्याच वर्षांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कूटरूपकारक' भेटला. म्हणजे खोटी नाणी पाडणारा. गूढ आणि खोटे, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवणाऱ्या भाषेत 'क्रिप्टोकरन्सी'ला 'कूटचलन' हा प्रतिशब्द रूढ व्हावा, हा योगायोग मार्मिक म्हटला पाहिजे. प्रतिशब्द घडवणाऱ्याच्या मनात ह्यांपैकी कोणता अर्थ होता, हे त्यालाच ठाऊक. आमच्या मनात मात्र गेली काही वर्षे दोन्ही अर्थ आलटून पालटून डोकावत आहेत. त्यांचा एकदा हिशेब मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे केस बँकेच्या नोकरीत पांढरे झाले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले त्याला पैशातले कळत असणारच, असा लोकांचा एक भाबडा समज असतो. त्यामुळे लग्नकार्यात, सोसायटीच्या बैठकीत, क्वचित स्मशानातही कोणीतरी आम्हांस बाजूला घेऊन विचारतो, "हे बिटकॉइन वगैरे टिकेल का हो? ह्यात पैसे घालावेत का?" प्रश्न दोन आहेत; पण विचारणारा ते एका श्वासात विचारतो, जणू पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळेल. आमचीही प्रारंभी तीच चूक झाली.

आमच्या ह्या विषयातल्या शिक्षणास २०२१च्या दिवाळीत आरंभ झाला. आमचा भाचा संगणक क्षेत्रात नोकरीस आहे. फराळाचे ताट बाजूला सारून त्याने आम्हांस भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक चढता आलेख दाखवला. आलेखांनी आम्ही हुरळत नाही. आमच्या नोकरीत असे पुष्कळ आलेख चढताना आणि त्याहून पुष्कळ उतरताना पाहिले आहेत. पण नंतर तो जे बोलला ते आमच्या वर्मी लागले.

"मामा, तुमची बँक कशावर चालते? विश्वासावर. आणि विश्वास दर वेळी कोणीतरी मोडतो. इथे कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही."

हे वाक्य आम्हांस का लागले, हे सांगायचे तर चाळीस वर्षे मागे जावे लागेल.

आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असू, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. सकाळी सायकलच्या दांडीला कातडी पिशवी अडकवून ते बाजारपेठेत फेरी मारीत. भाजीवाल्या, शिंपी, न्हावी, चहाची गाडी लावणारा, अशा लोकांकडून रोज रुपया-दोन रुपये घेऊन पासबुकात नोंद करीत. त्यांचे अक्षर सुरेख होते आणि नोंद कधी चुकत नसे. आम्ही महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असताना, १९८६ साली, एका सोमवारी पतसंस्थेचे दार उघडले नाही. संचालकांनी आपल्याच सग्यासोयऱ्यांस विनातारण कर्जे दिली होती आणि ती बुडाली होती. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाड्यावर कोणी गेले नाही. लोक आले ते आमच्या ओसरीवर. कोणी शिवीगाळ केली नाही. ती केली असती तर बरे झाले असते. एक भाजीवाली एवढेच म्हणाली, "अण्णा, आम्ही संस्थेला कुठं ओळखत होतो? आम्ही तुम्हांला ओळखतो."

आईच्या पाटल्या त्या महिन्यात गेल्या. पुढे सहा वर्षे अण्णा कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत आणि पगारातून तीच फेरी उलटी मारीत. ज्यांच्याकडून रुपया-रुपया घेतला होता त्यांना रुपया-रुपया देत. कायद्याने त्यांच्यावर पैचीही जबाबदारी नव्हती. सगळ्यांचे पैसे फिटले नाहीत. ती वही आमच्याकडे आहे आणि तिच्यात काही नावांपुढे बाकी अजून तशीच आहे.

पेशवाईत आणि पुढेही काही काळ आपल्याकडे नाना टांकसाळींचे नाना रुपये चालत. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ तो पारखून, झीज आणि कस पाहून, दर्शनी किमतीतून काही रक्कम कापून घेई. ह्या कापण्यास बट्टा म्हणत. नाण्याला लागणारा तो बट्टा भाषेने माणसाच्या नावालाही लावून ठेवला आहे. अण्णांचा स्वतःचा कस खोटा नव्हता. पण बट्टा त्यांच्या नावाला लागला.

तेव्हा ज्या चलनात कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही, ज्यात कोणा अण्णाला ओसरीवर मान खाली घालून बसावे लागत नाही, असे चलन निघाले आहे हे ऐकून आम्ही सरसावून बसलो. लोभ नव्हता असे म्हणणार नाही. पण केवळ लोभ नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही त्या विषयाचे मूळ टिपण मिळवून वाचले. ते अवघ्या नऊ पानांचे आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर दीड महिन्याने, सातोशी नाकामोतो ह्या नावाने ते प्रसिद्ध झाले; हे नाव कोणाचे, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. ३ जानेवारी २००९ रोजी ह्या चलनाच्या खतावणीचे पहिले पान लिहिले गेले, आणि त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'मधला, बँकांना सरकारकडून पुन्हा द्याव्या लागणाऱ्या मदतीविषयीचा मथळा नोंदवून ठेवलेला आहे. बँकांवरचा राग असा पहिल्याच पानावर आहे.

आमच्यासारख्या जुन्या कारकुनाला त्यातली कल्पना सहज कळते. समजा, गावाची एकच रोजकीर्द आहे आणि तिची प्रत हजारो लोकांच्या घरी आहे. सुमारे दर दहा मिनिटांनी एक नवे पान लिहिले जाते, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागच्या पानाच्या मजकुरातून गणिताने काढलेली एक खूण असते. मागच्या पानातला एक आकडा जरी कोणी खोडला, तरी ती खूण जुळत नाही आणि पुढची सर्व पाने नव्याने लिहावी लागतात. नवे पान लिहिण्याचा मान एका अवघड गणिताच्या शर्यतीत जिंकावा लागतो. त्यात अफाट वीज जळते, आणि जिंकणाऱ्यास नवी नाणी मिळतात: आरंभी पन्नास, मग २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ साली निम्मी निम्मी होत ३.१२५. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक कधीच निघणार नाहीत. अध्यक्ष नाही, संचालक नाहीत, विनातारण कर्ज मागायला येणारा मेहुणा नाही.

आम्ही पन्नास हजार रुपयांचे बिटकॉइन घेतले. तो नोव्हेंबर २०२१ होता आणि त्याच महिन्यात एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास पोचला. वर्षभराने तो १६ हजारांवर आला आणि आमचे पन्नास हजार पंधरा हजारांच्या खाली उतरले. आम्ही विकले नाही. ह्याचे श्रेय आमच्या धीरोदात्ततेस कोणी देऊ नये. विकायचे तर सौभाग्यवतीस सांगावे लागले असते. डिसेंबर २०२४ मध्ये भावाने एक लाख डॉलरची पातळी ओलांडली, तेव्हा त्याच पन्नास हजारांचे नव्वद हजारांच्या आसपास झाले. ह्या तीन वर्षांत ना आमचे शहाणपण वाढले होते, ना त्या खतावणीत मूलभूत असे काही बदलले होते.

येथे पहिल्या प्रश्नाकडे वळू. हे टिकेल का?

'ज्यामागे सरकार नाही ते चलन टिकत नाही' असे आम्ही बँकेत असताना ठामपणे म्हणत असू. इतिहास इतका ठाम नाही. शिवरायांच्या काळापासून चाललेला तांब्याचा शिवराई पैसा मराठी राज्य १८१८ साली बुडाल्यावरही दख्खनच्या बाजारात कित्येक दशके फिरत राहिला. तो पाडणारे राज्य गेले होते. पण भाजीबाजारातल्या माणसाला तो ओळखीचा होता, समोरचा घेईल ह्याची खात्री होती, आणि तेवढे पुरे होते. उलट ज्यामागे सरकार आहे ते चलनही एका रात्रीत कागद होऊ शकते, हे ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्रीनंतर बँकेच्या खिडकीमागे बसलेल्या आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बिटकॉइनने मृत्युलेख पुष्कळ पाहिले. २०१३च्या अखेरीस त्याचा भाव हजार डॉलरवर गेला आणि २०१५च्या आरंभी दोनशेच्या घरात आला. २०१७च्या डिसेंबरात वीस हजारांजवळ गेला आणि वर्षभरात साडेतीन हजारांखाली आला. चीनने २०२१ साली ह्या चलनाचे सर्व व्यवहार बेकायदा ठरवले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना ह्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द ठरवले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने बिटकॉइनवर आधारलेल्या फंडांना शेअर बाजारात प्रवेश दिला. बँकांवर रागावून जन्मलेले मूल सोळाव्या वर्षी मोठमोठ्या वित्तसंस्थांच्या मांडीवर बसले. ह्या सर्व काळात त्या खतावणीचे जुने पान कोणी बदलू शकले नाही. तेव्हा बिटकॉइन टिकेल, निदान आमच्या हयातीत टिकेल, असे आम्हांस वाटते. त्याच्या मागून निघालेल्या हजारो नाण्यांविषयी मात्र असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एक डॉलरला कायम एक डॉलर राहण्याची हमी देणारे टेरा नावाचे नाणे मे २०२२ मध्ये काही दिवसांत मातीमोल झाले.

पण टिकणे म्हणजे चलन होणे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपये किती काढावेत हे सरकारच्या मर्जीवर सोडणाऱ्या पद्धतीवर त्यांनी त्यात कठोर टीका केली आणि चलननिर्मितीस निश्चित मर्यादा असावी असा आग्रह धरला. २ कोटी १० लाखांची मर्यादा सांगणाऱ्या आमच्या भाच्यास हे ऐकून आनंदाचे भरते आले. आम्ही त्यास पुढचे पान दाखवले. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहावी म्हणून. कारण भाव चढले की मजुरी मागे राहते आणि गरीब भरडला जातो. नाण्यांची संख्या स्थिर आणि त्यांची क्रयशक्ती मात्र वर्षात चौपट किंवा पाव, असे चलन ह्या कसोटीस उतरत नाही. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातल्या एका संगणकतज्ज्ञाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन दिले. ती गोष्ट आज लोक हसण्यासाठी सांगतात. पण बिटकॉइनचा खरोखर चलन म्हणून उपयोग करण्याची ती पहिली सुप्रसिद्ध खेप होती, आणि तिचीच थट्टा होते, ह्यात सर्व आले. एल साल्वादोर ह्या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची व्यापाऱ्यांवरची सक्ती उठवावी लागली. जे उद्या महाग होईल असे वाटते ते आज कोणी खर्चत नाही, आणि जे उद्या स्वस्त होईल असे वाटते ते आज कोणी घेत नाही.

असो. आता विश्वासाचे काय झाले ते पाहू.

फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोची माउंट गॉक्स ही बाजारपेठ बुडाली, तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी दोन लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडाली. ग्राहकांचे पैसे परस्पर वापरल्याचे सिद्ध होऊन तिच्या संस्थापकास मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्के देण्याचे आमिष दाखवले. पुणे पोलिसांनी तिच्या मुख्य आरोपीस २०१८ साली अटक केली. त्या तपासात मदतीस घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच, तपासातले बिटकॉइन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. ह्या प्रत्येक प्रकरणात खतावणी निर्दोष होती आणि गणित अभेद्य होते. पैसे गेले ते माणसांच्या हातून, आणि ते त्या हातांत दिले होते विश्वासाने.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. २०२३च्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे आल्या. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांस कूटचलनाची एक योजना सांगितली होती: दरमहा आठ टक्के. आम्ही कागद घेतला आणि आठ टक्क्यांनी वर्षात एकाचे अडीच कसे होतात ते मांडून दाखवले. जगात कोणताही प्रामाणिक धंदा सर्वांना असे पैसे देऊ शकत नाही, हे सांगितले. बाईंनी गणित तपासले. त्या गणितच शिकवीत. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे हो. पण मी कुठे त्या कंपनीला ओळखते? मी त्याला ओळखते. घरचा मुलगा आहे."

आम्ही काही वेळ बोललोच नाही. ते वाक्य आम्ही ओसरीवर ऐकले होते.

दोन लाख त्यांनी आधीच दिले होते. उरलेले सहा लाख तेवढे आमच्या सांगण्यावरून वाचले. सहा महिन्यांनी ती योजना तिच्या संस्थळासकट अदृश्य झाली. त्या मुलाने बाईंना फसवले असे आम्हांस वाटत नाही. त्याचे स्वतःचे आणि त्याच्या सासऱ्यांचेही पैसे गेले. तोही एक पिग्मी एजंटच होता. फक्त त्याच्याजवळ पासबुक नव्हते. बाईंनी पोलिसांत तक्रार दिली नाही. त्याची आई त्यांना अजून मंडईत भेटते.

एफटीएक्सची बातमी आली तेव्हा आमच्या ध्यानात आले होते, की आमचे बिटकॉइन तरी आमच्याजवळ कोठे आहेत? तेही एका बाजारपेठेच्या हवाली होते. आम्ही पाहत होतो तो केवळ पडद्यावरचा आकडा, म्हणजे अण्णांच्या पासबुकातल्यासारखी एक नोंद. मग भाच्याच्या मदतीने बरीच खटपट करून आम्ही ते स्वतःच्या ताब्यात घेतले. ताब्यात घेणे म्हणजे काय, तर चोवीस इंग्रजी शब्द एका विशिष्ट क्रमाने कागदावर उतरवून ठेवणे. ते शब्द ज्याच्याजवळ, त्याचे बिटकॉइन. तो कागद आम्ही कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, अण्णांच्या वहीखाली ठेवला. आता सौभाग्यवतीस सर्व सांगणे भाग होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "हा कागद हरवला तर कोणाकडे जायचं?"

"कोणाकडेच नाही," आम्ही म्हणालो.

उत्तर देताना आम्हांस वाटले, ह्या शोधाचे मर्म आपल्याला आत्ता कळले. आम्हांस असे चलन हवे होते ज्यात कोणाला ओसरीवर मान खाली घालून बसावे लागणार नाही. ते मिळाले, पण त्यात ओसरीच नाही. चुकीच्या पत्त्यावर पैसे गेले, शब्द हरवले, कोणी ते हेरून घेतले, तर दाद मागायला दार नाही. आणि ज्याच्यावर कसलीही जबाबदारी नसताना सहा वर्षे सायकल हाणीत रुपया-रुपया परत करणारे कोणी असते, तेही ह्यात असू शकत नाही. विश्वास काढून टाकताना विश्वासघात करणारा जातो, आणि त्याच्याबरोबर भरपाई करणाराही जातो. अनेकांना हा सौदा मान्य असेल. ज्याच्या देशात सरकारच लुटारू झाले आहे किंवा नोटेची किंमत महिन्यामहिन्याला निम्मी होते आहे, त्याला तो नक्कीच मान्य असेल, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

राहिला दुसरा प्रश्न. गुंतवणूक म्हणून घ्यावे का? शेतात पीक येते, घराला भाडे येते, ठेवीवर व्याज येते, कंपनीच्या भागावर लाभांश मिळतो. बिटकॉइन नुसता धरून ठेवला तर त्यातून काही येत नाही. तुमच्यानंतर तो अधिक भावाने घेणारा कोणीतरी यावा लागतो. सोन्याचेही असेच आहे म्हणा; पण सोन्याला काही हजार वर्षांची साक्ष आहे आणि मोडायची वेळ येईपर्यंत ते गळ्यात घालता येते. शिवाय आपल्याकडे २०२२च्या अर्थसंकल्पाने ह्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर बसवला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातूनही वजा करता येत नाही, आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. म्हणजे बट्टा येथेही आहे. सराफ तेवढा बदलला.

तेव्हा कोणी विचारलेच, तर आम्ही आता असे सांगतो. बिटकॉइन बहुधा टिकेल. पण ते टिकेल म्हणून तुमचे पैसे टिकतील असे नाही. जी रक्कम पूर्णपणे गेली तरी घरात कोणापुढे नजर खाली घालावी लागणार नाही, तेवढीच त्यात असावी. ठरावीक परतावा देऊ म्हणणाऱ्याला, तो घरचा मुलगा असला तरी, चहा पाजून परत पाठवावे. आणि 'तुम्ही घेतले आहे का?' असे विचारले, तर खोटे बोलत नाही. 'थोडे आहे' म्हणतो. पण 'मग मीही घेतो' असे समोरचा म्हणाला, की त्यास थांबवतो. आमच्या शब्दावर कोणाचा रुपया कोठे जावा, ही जोखीम घेण्याची ताकद आमच्यात नाही. ती अण्णांपाशीच संपली.

परवा डबा उघडला होता. वरती वही, खाली तो चोवीस शब्दांचा कागद. शब्द सगळे साधे होते, पण त्यांत कोणाचे नाव नव्हते. वहीतल्या बाकी असलेल्या नावांत एक शिंपी आहे; त्याचे एकशे चाळीस रुपये राहिले आहेत. त्याच्या मुलाचे दुकान त्याच पेठेत आहे असे ऐकतो. पुढच्या खेपेस गावी जाऊ तेव्हा त्याच्याकडे जाऊन येणार आहोत.